ताईच्या समईचा सांधा

कारापूरहून ताई कायमची माहेरी आली, ती कपड्यांची एक बॅग आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली समई घेऊन. भावोजींचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. सासरी काय झालं हे तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा मोठी आहे, तिला सांगायचं असेल तेव्हाच ती सांगते.

लुगडं सोडलं तर आत समईचे दोन तुकडे निघाले. खालची बैठक वेगळी, वरचा दांडा वेगळा. समईचं तेवढं ताईने सांगितलं. भावोजी गेले त्या दिवशी त्यांना ठेवायला बाहेरची खोली मोकळी करत होते, त्या गडबडीत कुणाचा तरी पाय लागून समई आडवी झाली आणि मानेतच तुटली. तिच्या सासरच्यांनी त्याचा अर्थ तिथल्या तिथे लावला. धनी गेला आणि समईही मोडली, म्हणजे पायगुण कुणाचा हे वेगळं सांगायला नको. समई नदीत सोडून दे म्हणाले. ताईने ती माळ्यावर लपवली आणि वर्षभर सांभाळली.

ही समई बाबांनी डिचोलीहून मुद्दाम ओतून घेऊन तिच्या लग्नात दिली होती. तरीही आईचं म्हणणं तेच पडलं. मोडलेली समई देवापुढे लावत नाहीत, तेरेखोल नदीच्या पाण्यात सोडून ये. मला कुणी असं निक्षून सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, गणपतीच्या चवथीच्या आत जोडून देतो.

म्हणणं सोपं होतं. पेडण्याच्या वेल्डिंगवाल्याने समई हातात घेऊन फिरवून पाहिली आणि परत दिली. त्याच्याकडे गेटं आणि ग्रिलं होतात, पितळेवर हात टाकला तर वितळेल आणि नक्षीही जाईल, म्हणाला. मग घरीच सोल्डरचा डाख द्यायला बसलो. मी विजेची कामं करणारा, तार जोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण समईचा दांडा भरीव, लावाल ती सगळी उष्णता गिळून बसायचा. डाख वितळून त्याच्यावर गोळी होऊन राहायचा आणि नखाने सुटायचा. दोनदा केलं, दोनदा सुटलं. चिडून मी पडवीतून उठलो आणि समईवर फडकं टाकलं. संध्याकाळी ते फडकं घडी करून ठेवलेलं दिसलं आणि तुकडे ताईने चिंचेने घासून लखलखीत केलेले.

तेव्हा डोकं जरा शांत झालं. पितळ पितळेला चिकटत नसेल तर आतून धरावं लागेल. दोन्ही तुकड्यांच्या मधोमध भोक पाडायचं, आत आटे पाडायचे आणि आट्यांची एक सळई दोन्हींत फिरवून घट्ट करायची. हार्डवेअरच्या दुकानातून तशी लोखंडी सळई आणलीसुद्धा. आई उंबऱ्यात बसून बघत होती. ती म्हणाली, देवाच्या समईत लोखंड घालू नये. मला राग आला. नदीत सोडायला निघालेली बाई आता आत काय घालावं ते सांगत होती. पण जिला समई नकोच आहे ती असं कशाला सांगेल, हे नंतर मनात आलं आणि मी लोखंड बाजूला ठेवलं. तसंही आमच्या दमट हवेत ते गंजून सांध्यातून लाल पाणी गळलं असतं. एका जुन्या स्विचबोर्डातून काढून ठेवलेली आट्यांची पितळी सळई होती, ती शोधून काढली.

दांड्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, म्हणून जुनी गोधडी गुंडाळून तो शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरला. आधी बारीक भोक, मग मोठं. थेंब थेंब तेल सोडत, ड्रिल न रेटता. ताई समोर बसून डोळा लावून सांगायची, डावीकडे कललं, आता सरळ. भोक वाकडं गेलं असतं तर समई जन्मभर कलती राहिली असती. आटे पाडले, दोन नळ्यांमधला पक्का गोंद सारख्या मापाने कालवून सळईला लावला आणि दांडा हळूहळू फिरवत बसवला. गोंद सुकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दांडा धरून समई उचलली. बैठक सोबत उचलली गेली. सांध्यावर केसासारखी एक रेघ तेवढी दिसत होती.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झाली. ताईने समई आणून मखराच्या उजव्या बाजूला ठेवली. आई म्हणाली, घरातल्या कामाला चालेल, पण देवापुढे एकदा मोडलेली नको, लोक बोलतील.

ताईने विचारलं, "आये, ह्या तू समयेचा सांगतंस की माझा?"

आई उठून आत गेली. मी माटोळीला काहीतरी बांधत राहिलो, बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मला फार वाईट वाटलं, ताईचं आणि आईचंही. कारण बाबा गेल्यापासून आमच्या घरात चवथीची समई माझी बायको लावते आणि आई आरतीला खांबाआड उभी राहते. तसं राहा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीच तिथे जाऊन उभी राहिली आणि आम्हाला ते दिसेनासं झालं.

चवथीला गणपती बसला. समई हलवायची कुणाची छाती झाली नव्हती, ती तिथेच होती. बायकोने तेल घातलं, पाच वाती मांडल्या आणि ऐन वेळी म्हणाली, "वन्सं, तुमीच लावा. माझे हात पिठाचे आसत." नेवऱ्या तर सकाळीच तळून झाल्या होत्या. ताईने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि काडी ओढली. एक, दोन, तीन, चार वाती लावल्या. पाचवी तशीच ठेवून ती वळली, खांबापाशी गेली आणि काडेपेटी आईपुढे धरली.

आई नको म्हणेल असं मला वाटलं. तिने आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग म्हणाली, "इतकी वर्सां माका कोणी लाव म्हणान सांगूकच नाय."

आणि पदराला हात पुसून तिने काडेपेटी घेतली.