दुपारचे काका

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो जोगळेकर काकांचा. आम्ही गाणारी मुलं त्यांना ‘दुपारचे काका’ म्हणतो. बेंगळुरूत उन्हाळा लागला की पॉप संगीताचा एक दिवसाचा महोत्सव होतो. काका दरवर्षी स्वतःचं तिकीट काढून, फाटक उघडताच आत येतात आणि मोठे गायक यायच्या आत घरी जातात. त्यांतल्या एकालाही त्यांनी आजवर ऐकलेलं नाही.

आत बाटली नेऊ देत नाहीत, हे माहीत असूनही काका मारतहळ्ळीच्या घरून ताकाची बाटली आणतातच. रखवालदार ती अडवतो. काका कानडीत “सरी, अण्णा”, म्हणजे ‘बरं, दादा’, म्हणतात आणि तिथेच उभ्याने संपवतात. एकदा त्याने विचारलं, “अज्जा, नातीला सोडायला आलात?” काका म्हणाले, “मीच आलोय. नातीची परीक्षा आहे.”

मी निपाणीचा. आई विड्या वळायची, आणि घरातला पहिला पदवीधर मी. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागल्यावर मराठी गाणी रचू लागलो. महोत्सवात मला पहिल्यांदा वेळ मिळाली ती भर उन्हातली, सगळ्यांच्या आधीची. समोर जुनी कारखान्याची टोपी घातलेले एक गृहस्थ आणि तारा ओढणारे दोघे कामगार. आज गाऊन मोकळं व्हायचं, पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं ठरवून मी डोळे मिटले. गाणं संपताच गृहस्थ कठड्याशी आले.

“डोळे मिटून कुणासाठी गातोस रे? आम्ही इथं भाजतोय, आमच्याकडे बघ तरी.”

“काका, कुणीच आलेलं नाही.”

“मग मी कोण, खांब?”

तारा ओढणारे हसले. मलाही हसू आलं. उरलेली गाणी मी काकांकडे बघून गायलो. त्यांची टाळी दर वेळी अर्धी मात्रा उशिरा पडत होती. नंतर म्हणाले, “गाण्यातलं मला काही कळत नाही. सरकारी कारखान्यात जन्म गेला, हजेरी तेवढी कळते.”

मोठ्या गायकांसाठी का थांबत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, “त्यांना माणसं आहेत. पहिल्या पंगतीला कुणी बसलं नाही, तर वाढप्याचे हात गळतात.” कारखान्याच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात ते नाटकात काम करायचे. “पहिला प्रवेश माझा असायचा. लोक यायचे दुसऱ्या प्रवेशाला.”

पुढे दर वर्षी माझी वेळ थोडी थोडी सरकत गेली. यंदा ती दिवेलागणीनंतरची होती. मी काकांना फोन केला. “काका, या वेळी तरी थांबा. आता चांगलं गातो मी.”

“बघू,” ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी हुबळीची एक मुलगी पहिली गात होती. समोर तीच टोपी, तीच उशिराची टाळी. ऊन उतरलं, माणसांचे लोंढे आत येऊ लागले, आणि त्या लोंढ्यातून वाट काढत टोपी उलट्या दिशेने फाटकाकडे निघाली. मी पडद्यामागून बघत राहिलो. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. दोन दिवसांनी मी त्यांना पत्र लिहिलं.

“ती. काकांस सा. नमस्कार.

तुम्ही परवा थांबला नाहीत. मला फार लागलं. तसाच मंचावर गेलो. मैदान एवढं भरलं होतं, की फाटक दिसेना. लोक माझं गाणं माझ्याबरोबर म्हणत होते, आणि टाळी अगदी मात्रेवर. मी डोळे उघडे ठेवले होते. घरी आल्यावर आईला फोनवर सांगितलं, काका मला न ऐकताच गेले. ती म्हणाली, ‘मग तुझं बरं चाललंय म्हणायचं.’

पुढच्या वर्षी पहिला कोण गाणार ते ठाऊक नाही. मी फाटक उघडायच्या आधी येतो. तुमच्या शेजारी उभा राहीन. ताक दोघांपुरतं आणा.

तुमचा,
निपाणीकर”