खिडकीतले दहावे

स्वतःच्या घरात यायची बंदी रूबेनमामांनी स्वतःवरच घातली होती.

एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. डोळ्यांची साथ आली होती. अख्खं नगर लाल डोळ्यांनी फिरत होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नगरात आमची घरं मोजकी. आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, ती केडगावला मामांच्या घराची पुढची खोली.

साथ आली आणि मामांनी त्या खोलीला कुलूप लावलं.

हिब्रू वाचणारे एकटे मोशेआजोबा, आणि त्यांना दिसायचं एकाच डोळ्याने.

त्यातच माझ्या वडिलांना जाऊन वर्ष झालं. मुलाने गेलेल्या बापासाठी म्हणायची प्रार्थना, ते कद्दीश. त्याला दहा पुरुष हवेत. मी मामांकडे गेलो.

"उघडू रे. पण माझ्या कंडिशनवर."

दारात बादली आणि साबण. ज्याचा त्याचा रुमाल. ज्याचे डोळे आलेत त्याने आत यायचं नाही.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, प्रार्थनेनंतर शेजाऱ्याचे हात हातात घेऊन आपली बोटं ओठांना लावायची आमची जुनी रीत बंद. नुसता हात छातीवर.

लोक कुरकुरले.

"हात काय, नंतर जन्मभर धरा की," मामा म्हणाले. "आजोबांचा डोळा एकच हाय."

त्या सकाळी कोल्हारहून दावीदभाऊ पहिल्या एसटीने आले. मामांना धरून बरोबर दहा.

तेवढ्यात मामा आतल्या खोलीतून आले. डोळे लालभडक.

मामी म्हणाल्या, "नियम ह्यांचे, अन् डोळेबी ह्यांचेच आले!"

कुणी हसलं नाही.

"मामा, आजच्या दिवस बसा कोपऱ्यात," मी म्हणालो.

"न्हाई. मीच मोडला तर उद्या कोण पाळंल?"

मागच्या दाराने अंगणात निघून गेले.

आम्ही नऊ. मला रडूच आलं.

मोशेआजोबा पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "खिडकी उघडा रे. खिडकीतून तोंड दिसलं तर माणूस मोजतात."

मामा काळा गॉगल लावून गजांपलीकडे उभे राहिले. भर उन्हात, शेवटपर्यंत. बाहेरून येणारं 'आमेन' सगळ्यांत मोठं होतं.

माझं कद्दीश झालं.

मी खिडकीकडे बघितलं. मामांनी हात छातीवर ठेवला. मीही ठेवला.

पुढे एकेक घर इस्राएलला गेलं. मामा गेले नाहीत. नगरच्याच मातीत राहिले.

आज त्यांच्या जाण्याचा दिवस. त्याच खोलीत प्रार्थना ठेवली. किती फोन केले. तरी जमलो नऊच.

खिडकी उघडी ठेवलीय, मामा.

नुसतं तोंड दाखवा.