मानमोड्यांचा हेका

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या त्या दोन खुर्च्यांच्या सलूनात माणसं नावाला केस कापायला यायची, खरी यायची ती मानेसाठी. कटिंग झाली की न्हावीबुवा मानेच्या मुळाशी अंगठे रोवायचे, डोकं अलगद वळवायचे आणि कट्‌कन आवाज काढायचे. गिऱ्हाईक सुखावून उठायचं. म्हणून गल्लीनं त्यांचं नाव मानमोडे ठेवलं होतं. तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा, पण मनानं माणूस लोण्यासारखा मऊ.

बायको त्यांच्या अगदी उलट, दहा वाक्यांना एक 'हूं' देणारी. सर्दीनंतर तिचा उजवा कान वाहू लागला, तर तिनं कापसाचा बोळा घातला आणि कामाला लागली. एका सकाळी मात्र ती उठलीच नाही. अंगात ताप फणफणत होता.

"डोकं फुटतंय हो. आणि मान धरलीय."

"मान? मग ते आपल्याच खात्यातलं काम!" मानमोडे हसत हसत तेल कोमट करून आले.

पण ही मान काही ऐकेना. हनुवटी छातीकडे झुकवायला गेले, तर बायको किंचाळली. आजवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. मग तिला भडभडून उलटी झाली, आणि ती तोंड फिरवून म्हणाली, "तो पडदा ओढा, उजेड सोसत नाही."

शहाण्यानं तेव्हाच दवाखाना गाठला असता. मानमोड्यांना मात्र हरल्यासारखं वाटलं. "रात्रीची उशी वाकडी झाली असेल. दुपारी येऊन बघतो पुन्हा," म्हणत ते दुकानात गेले. तिथं तीन माना मोडल्या आणि चौघांना घरच्या हट्टी मानेची गोष्ट रंगवून सांगितली.

दुपारी परतले तेव्हा बायको त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "दादा, कधी आलास?"

तिचा दादा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मानमोडे तसेच बाहेर धावले. शेजाऱ्याची गाडी मिळाली म्हणून बरं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मान तपासली, कान बघितला. "मेंदूज्वर दिसतोय. कानातले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत. ते आवरण सुजलंय म्हणून मान वाकत नाही. पाठीतलं पाणी काढून तपासू, पण औषध त्यासाठी थांबवायचं नाही." रक्त घेऊन आधी डेक्सामेथासोन दिलं, सूज आवरावी आणि कान वाचावेत म्हणून. लगेच शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन आणि व्हँकोमायसिन ही जंतू मारणारी औषधं सुरू झाली. "सकाळीच आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस मानमोडे व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचे. कुणी काही विचारलं तरी नुसती मान हलवायचे. पाण्याचा रिपोर्ट आला. जंतू सेफ्ट्रायाक्झोनला दाद देणारे निघाले, म्हणून व्हँकोमायसिन थांबलं. ताप उतरला, आणि एका सकाळी बायकोनं विचारलं, "दुकान कुणावर टाकून आलात?" तिनं ओळखलं या आनंदात ते डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावले.

पण तपासणीत कळलं, उजव्या कानाचं ऐकणं गेलं होतं. ते कायमचंच. आधी आणलं असतं तर कान वाचला असता का, ते डॉक्टरीणबाई सांगू शकल्या नाहीत. मानमोड्यांनी मात्र मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

त्या दुपारी ती डोळे मिटून पडली होती. ते मुद्दाम तिच्या उजव्या कानाशी वाकले. "माझ्या हेक्यापायी झालं हे. तू किंचाळलीस, आणि मी दुकानात गेलो. मला माफ कर." बोलून झालं, कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यांना जरा हलकं वाटलं.

बायकोनं डोळे उघडले. "कानाला वारा लागला, शब्द नाही आला एकही. इकडच्या बाजूला या."

"काही नाही गं, असंच."

"असंच म्हणून डोळे भरत नाहीत तुमचे. या इकडे, आणि सगळं म्हणा. मधलं काही गाळू नका."

मानमोडे खाटेला वळसा घालून गेले, स्टुलावर बसले. तिनं डावा कान त्यांच्याकडे केला आणि त्यांचा हात धरून ठेवला.