हळू शर्यतीचं धावतं वर्णन

वाशीला बसमधून उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि माफी मागायचं धैर्य बहुधा पुण्यातच राहिलं होतं. तेवीस वर्षं मी मोटारशर्यतींचं धावतं वर्णन करतो आहे. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर. शब्द कधी अडले नाहीत. तोच माझा गुन्हा.

बारा वर्षांपूर्वी मी एका मोटारसायकल शर्यतीचं वर्णन स्टुडिओतून, पडद्याकडे बघून करत होतो. घणसोली गावचा मोरेश्वर दुसरा होता. अचानक तो कडेला थांबलेला दिसला. कारण दिसेना, आणि माईकवर गप्प बसणं आम्हाला जमत नाही. मी ओरडलो, "वळण बघून मोरेश्वर घाबरला!" संध्याकाळी कळलं, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या, पडलेल्या एका स्वाराला तो गाडीखालून ओढून काढत होता. पुढच्या कार्यक्रमात एका वाक्यात चूक सुधारता आली असती. मी लाजेनं टाळलं.

रिक्षावाल्यानं मला घणसोलीच्या नव्या सेक्टरमध्येच उतरवलं. वॉचमन हसला. "गावात जायचंय? मग उलटे आलात. टॉवर संपले की गाव." खरंच, शेवटच्या टॉवरमागे दोन माणसं जेमतेम मावतील अशी गल्ली सुरू झाली.

"कोन पायजे?" दारातल्या बाईंनी विचारलं. मी मोरेश्वरचं नाव घेतलं आणि माझंही सांगितलं. त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमाला घाबरट बोलनारा आयलाय!"

मोरेश्वर बाहेर आला. दाढी पिकलेली, हात ग्रीसचे. मी पाठ केलेलं बोलू लागलो, तर म्हणाला, "आधी जेवा. उपाशी मानसाची माफी मी घेत नाय."

वहिनींनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण वाढलं. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते सोयीचंच होतं.

"अजून पोरं चिडवतात," मोरेश्वर हसत म्हणाला. "मामा, वळन आलंय, भिऊ नको!"

"आता हसतात," वहिनी म्हणाल्या. "तवा दोन वर्सं गाडीला हात नाय लावला. आनि तुमी बोललात सगल्या जगाला, माफी मातर माझ्या सैपाकघरात?"



चार वाजता गावदेवीच्या मैदानात मोटारसायकलची हळू शर्यत होती, मोरेश्वरही त्यात उतरला होता. शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद. वहिनींनी माईक माझ्या हातात आणून ठेवला.

गाड्या माणसापेक्षा हळू सरकत होत्या. वर्णन करण्यासारखं काही घडतच नव्हतं. मग मी सांगून टाकलं. "बारा वर्षांपूर्वी मी न बघता बोललो. मोरेश्वर घाबरला नव्हता. तो एका माणसाचा जीव वाचवायला थांबला होता. कळूनही मी गप्प राहिलो. ही चूक माझी."

मोरेश्वरनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तोल गेला, आणि पाय टेकला.

"साहेब!" तो ओरडला. "आधी नाव घालवलंत माझं, आता शर्यत!"

सगळं मैदान हसलं. मग माणसं त्याच्याभोवती जमली. "त्याला कसा काढलास रं?" मोरेश्वर दोन्ही हातांनी दाखवू लागला. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी माईक बंद केला.

ती बारा वर्षं काही मी परत देऊ शकत नाही, हे जाणूनच पुण्याच्या बसमध्ये बसलो. तरीही अशी गाढ झोप लागली की स्वारगेटला वाहकाला मला हलवून उठवावं लागलं.