मामांचा हात

इस्त्रीवाल्या मामांचा तोरा एकच: "दाब किती द्यायचा, ते माझ्या हाताला विचारा." जावयाने गाडीला पॉलिश करायचं मशीन आणलं, तेव्हाही त्यांनी ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

"मामा, बॉनेटच्या कडेला आधी चिकटपट्टी लावू. तिथे रंग पातळ असतो."

"जावईबापू, आम्हाला शिकवू नका!"

सपाट भाग आरशासारखा चमकला. मग मामा कडेवर आले आणि पँटची क्रीज बसवावी तसं त्यांनी मशीन तिथेच दाबून धरलं. उचललं तेव्हा निळा रंग उडाला होता आणि आतला पांढरा पट्टा दात काढत होता. मामांनी तो अंगठ्याने पुसूनही पाहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"असू दे, मामा. गाडी जुनीच आहे," जावई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आपला लग्नातला कोट घेऊन दुकानात आला. नुसतं 'जपून करा' म्हणाला असता, तरी मामांना हलकं वाटलं असतं. पण तो नेहमीसारखा हसला आणि कोट ठेवून गेला.

मामांनी इस्त्री उचलली आणि जन्मात पहिल्यांदा, आधी स्वतःच्या सदऱ्याच्या टोकावर टेकवून पाहिली.