मचूळ पाण्याचा नमुना

पत्नीची मूत्रपिंडं निकामी होत गेली तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?" आमच्या खाडीकाठच्या गावाला एकच सार्वजनिक विहीर. टँकरचं नको, विहिरीचंच ताजं पिऊ, हा आग्रह माझा. खाडीत वरच्या कारखान्यांतून काय काय येतं, याबद्दल गावात बोललं जाई. मी ते कानाआड केलं होतं.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र मला सोडेना. जंतूंची तपासणी दरवर्षी होई. शिसं, पारा, आर्सेनिक यांची कधीच झाली नव्हती. मी ग्रामपंचायतीत अर्ज केला, रोह्याच्या एका प्रयोगशाळेने तारीख दिली. ती तारीख उजाडली तेव्हा पत्नीला जाऊन पाच दिवस झाले होते.

सुतकात सार्वजनिक विहिरीला हात लावायचा नाही. आमचं पाणी शेजारची काकू भरत होती, सारा जन्म मिठागरात काढलेली. नमुन्याचा कॅनही तिनेच भरला आणि पंचायतीचा शिपाई तो रोह्याला घेऊन गेला.

तेरावं झाल्यावर मी अहवाल आणायला गेलो. सगळे आकडे मर्यादेत. पण तपासणी करणाऱ्या बाई कागदावर हात ठेवून म्हणाल्या, "विहीर खाडीजवळ आहे ना? मग यातलं मीठ कुठे गेलं?"

गावी येऊन काकूला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"डोंगराकडच्या झऱ्याचं होतं ते. जावयाला सायकलवर धाडलं व्हतं."

"काकू, विहिरीचं हवं होतं!"

"परक्याच्या दारी मचूळ पानी धाडायचं? पाव्हन्याला देतो का आपन? एवढी बुकं वाचलीत मास्तर, पन रीत नाय शिकलात."

दुसऱ्या खेपेला पोहरा मीच सोडला. कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळला, काठोकाठ भरला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

"बघायचंय?" बाईंनी विचारलं. यंत्राच्या छोट्या खिडकीत निळी ज्योत होती. शुद्ध पाणी आत गेलं, ती निळीच राहिली. मग आमच्या विहिरीचं पाणी बारीक नळीतून वर चढलं आणि त्यातल्या मिठाने ज्योत पिवळीधमक झाली. मी कॅनकडे पाहिलं. पाणी आरपार स्वच्छ. खाडी, भरती, मिठागरं, सगळं त्यात होतं आणि इतकी वर्षं मला दिसलं नव्हतं. हेच पाणी तिच्या अंगातून वाहिलं होतं. मी खिडकीसमोर उभाच राहिलो. बाईंनी दुसरी कामं उरकली, मला हटकलं नाही.

आठवड्याने कागद मिळाला. मीठ मर्यादेच्या काठावर. शिसं, पारा, आर्सेनिक मर्यादेच्या पुष्कळ आत.

"म्हणजे पाण्याने नाही?" मी विचारलं.

"जे शोधलं ते यात नाही, एवढंच मी सांगू शकते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

गावात परतल्यावर विहिरीवर जमलेल्या बायकांना मी अहवाल वाचून दाखवला.

"मंग पियाचं ना?" काकूने विचारलं.

"प्यायचं," मी म्हणालो आणि कागदाची घडी घालत राहिलो.

काकूने भरलेली कळशी काठावर टेकवली. "तुमचा दोष नवता, मास्तर."

माझ्या मनातलं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.