कोपऱ्यातली खाट

फिनेलचा वास आला की सुरतेत प्लेग पसरला होता ते दिवस आठवतात. मी भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. सुरतेहून आलेल्या, तापाने फणफणलेल्या एका लूम कामगाराला त्याचे सोबती फाटकातच सोडून पळाले. प्लेगच असणार म्हणून त्याच्या कोपऱ्यातल्या खाटेजवळ कुणी जाईना. सलाइन लावताना मीही तोंडाला दुहेरी रुमाल बांधला होता. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सिस्टर, दूर रहो. आपके भी बच्चे होंगे." ते ऐकून मी तिथेच बसले आणि त्याला चमच्याने पेज भरवली. तपासणीत मलेरिया निघाला. बरा होऊन तो निघाला, तेव्हा तेच सोबती बाहेर मान खाली घालून उभे होते. त्यानेच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "चलो, घर चलें." मला ते जमलं असतं का, आजही सांगता येत नाही.